लातूरला काही अडचण नाही

आई,

गेल्या आठवड्यात भरल्या सभेत मी तुझ्याविषयी एक गोष्ट सांगितली. ती साफ खोटी आहे. गोष्ट अशी, की भोकरजवळच्या तुझ्या शाळेत एकदा तपासणीला साहेब आले, तिसरीला भागाकार अजून का सुरू झाला नाही म्हणून त्यांनी तुला झापलं, आणि तू खडू खाली ठेवून त्यांना तोंडावर सांगितलंस, "साहेब, आधी माझ्या लेकरांना वजाबाकी येऊ द्या. भागाकार कुठं पळून चाललाय?" मग साहेबांनी रागानं तुझी बदली माहूरला केली आणि तू ट्रंक उचलून हसत हसत गेलीस. शिरूर अनंतपाळच्या त्या सभागृहात तालुक्यातले शिक्षक बसले होते, त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदरानं डोळे टिपले. तू उभ्या जन्मात माहूरला बदलीवर गेली नाहीस, हे त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "जिवंत होते तवर बदली चुकवली, आता मेल्यावर लेकीनंच केली बघा."

खरं काय झालं होतं ते आपल्या दोघींना माहीत आहे. मी चौथीत आहे. शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोन, आणि त्यातले गुरुजी कायम कसल्या ना कसल्या कामाला पंचायत समितीत, म्हणून चारही वर्ग तुझ्याच गळ्यात. शाळेत तुला आई म्हणायची मला बंदी होती, बाई म्हणायचं आणि तुम्ही म्हणायचं. तिसरीची मुलं जमिनीवर चिंचोके मांडून हातच्याची वजाबाकी करून राहिलीत. जीपचा आवाज येतो. तू पटकन बोर्डावर एक भागाकार लिहितेस. साहेब आत येतात, बोर्डाकडं बघतात, मग पोरांकडं, मग चिंचोक्यांकडं. "बाई, नियोजनात या आठवड्याला भागाकार आहे ना?" तू म्हणतेस, "हो साहेब." "मग हे काय?" "हो साहेब, घेतेच आता." मला चहा सांगायला पिटाळतेस. साहेब चहा पितात, शेरेबुकात दोन ओळी लिहितात, जीप निघून जाते. धुरळा खाली बसायच्या आत तू तो भागाकार पुसून टाकलेला असतो. "हं, कुठं होतो आपण? त्रेपन्नातून सत्तावीस. हातचा कुणाकडून मागायचा?"

संध्याकाळी मी विचारलं होतं, "आई, तू तर साहेबांना हो म्हणालीस." तू चुलीपुढं बसून भाकरी थापत होतीस. मागं वळूनसुद्धा न बघता म्हणालीस, "साहेबाला हो म्हणायला काय लागतंय? वर्ग कुणाच्या हातात हाय? दार लोटलं की मीच साहेब." मला ते इतकं आवडलं, की मी आठवडाभर आरशापुढं उभी राहून 'हो साहेब' म्हणायचा सराव केला होता. पुढं तुझं मासिक नियोजन मीच लिहायला लागले, आठवतं? तू पिठलं हाटत सांगायचीस, "वरून जे आलंय तेच उतरव, अक्षर तेवढं चांगलं काढ." मी वळणदार अक्षरात उतरवायची, साहेब शाबासकी द्यायचे, आणि तू वर्गात तुला हवं तेच शिकवायचीस. कागदावर एक आणि वर्गात एक, यात आपल्या दोघींना कधी काही वावगं वाटलं नाही. आज मी ज्या खात्यात, ज्या खुर्चीत आहे, तिथं माझी खरी उमेदवारी त्या चुलीपाशी झाली असं म्हणायला हरकत नाही.

तू गरीब गाय होतीस असं मात्र कुणी समजू नये. तुझ्या हातची पट्टी मी खाल्लेली आहे, आणि तीही गणितासाठीच. मला गणित झटकन यायचं. तू बोर्डावर उदाहरण लिहून वळायच्या आत मी उत्तर ओरडायची आणि वर्गाकडं विजयी मुद्रेनं बघायची. एके दिवशी तू मला बोलावलंस, हात पुढं करायला लावलास, पट्टी मारलीस आणि म्हणालीस, "तुला आलं म्हणजे वर्गाला आलं का? मागच्या रांगेतलं ते लेकरू आत्ता कुठं विचार करून राहिलं होतं, त्याचा विचार तू मोडलास." मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. घरी आल्यावर तू मला बोलावून गूळ-शेंगदाणे दिलेस, पण पट्टी मारली हे चुकलं असं काही तू म्हणाली नाहीस. तुझं असंच होतं. खाऊ द्यायचा, पण शब्द मागं घ्यायचा नाही.

आणि माहूर. ती गोष्ट तरी मी कुठून उचलली? नांदेडला तुमचं प्रशिक्षण होतं, मी तेव्हा कॉलेजात होते आणि तुला न्यायला आले होते. शेवटचा तास चालू होता. एक जण माईकवरून शिक्षकांना अभिप्राय विचारत होते, आणि एकेक जण उठून तेच सांगत होता, प्रशिक्षण अतिशय उपयुक्त वाटले, जेवणाची व्यवस्था उत्तम होती. तूही उठलीस. मला वाटलं, आता माझी आई बोलणार. तू म्हणालीस, "प्रशिक्षण छान झालं. वरणाला फोडणी चांगली होती." आणि बसलीस. मग तिथून बसस्टँडपर्यंत आणि बसमध्ये भोकर येईपर्यंत तू त्या प्रशिक्षणाचा असा काही उद्धार केलास, की पुढच्या सीटवरचे आजोबा वळून वळून ऐकत होते. पुस्तकात काय चुकलंय, कुठला धडा कुठल्या महिन्यात घ्यायला पाहिजे, चार वर्ग एका बाईकडं असले की पहिलीला काय देऊन बसवायचं, सगळं. मी म्हणाले, "मग हे तिथं का नाही बोललीस?" तू माझ्याकडं असं बघितलंस, जशी काही मी वेडीच आहे. "तिथं बोलून माहूरला जाऊ का? माहूरला देवीच्या दर्शनाला जावं माणसानं, बदलीवर न्हाई." मी हसले. त्या बसमधलं तुझं बोलणं कुणी ऐकायला हवं होतं, असं मात्र तेव्हाही वाटलं होतं. म्हणून पुढं जेव्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या नोकरीत लातूरला आले, तेव्हा मनाशी म्हटलं होतं, की बसमधलं बोलणं मी सभेत नेईन. तू निवृत्त झाली होतीस. पेढे वाटलेस, आणि मला म्हणालीस, "आता तूच साहेब. पोरींना लई छळू नको." तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

या वर्षी राज्याचे गणिताचे नवे निकष ठरायला लागले. कुठल्या इयत्तेच्या शेवटी मुलाला काय आलंच पाहिजे, त्याचा मसुदा. राज्याच्या समितीनं प्रत्येक भागातून एकेका माणसाला पुण्याला बोलावलं, आमच्या भागातून मला. जायच्या आधी मी शिरूर अनंतपाळला शिक्षकांची बैठक घेतली. नेहमीसारखं चाललं होतं, मसुदा चांगला आहे, स्वागतार्ह आहे. तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. मूळच्या उदगीरकडच्या आहेत, शिरूर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर असतात, तुझ्यापेक्षा ठेंगण्या आणि आवाज तुझ्यापेक्षा मोठा. म्हणाल्या, "अय्यो मॅडम, सगळे चांगलं चांगलं म्हणून राहिले, मग मी काय म्हणावं? तिसरीच्या शेवटाला भागाकार पक्का आलाच पाहिजे असं लिव्हलंय. माझ्या तिसरीतली निम्मी लेकरं दिवाळीनंतर मायबापासंगं ऊसतोडीला जातेत अन् शाळा उरकायच्या टायमाला येतेत. तवा कुठं त्यांना वजाबाकी यायला लागते. भागाकार शिकवणार न्हाई असं मी म्हणत न्हाई. तिसरी, चौथी, पाचवी मिळून एक टप्पा धरा. त्यात कवा शिकवायचं ते आमचं आम्ही बघतो."

कुणीतरी हसत म्हणालं, "बाई, लिहिणारे लिहू द्या, आपण दार लोटून वर्गात आपल्या हिशेबानं चालू." म्हणजे तुझाच मंत्र. त्यावर त्या बाई काय म्हणाल्या ते ऐक. "ते दिवस गेले, सर. आता चाचणी मोबाइलवर भरावी लागते. ज्या लेकराला न्हाई आलं त्याच्या नावापुढं तांबडी खूण येते. ते लेकरू ते बघते. त्याची माय कारखान्यावरून फोन करून विचारते, माझ्या पोरीचं डोकं कमी हाय का म्हणून. आता कुठलं दार लोटता?" मला तू आठवलीस, पुसलेला बोर्ड आठवला. मी म्हणाले, "तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं पुण्यात मांडते. शब्द देते." आणि ते मनापासून म्हणाले होते, आई. निदान तेव्हा तरी.

पुण्याची बैठक मोठ्या थंड खोलीत होती. अध्यक्ष वयस्कर, सौजन्यानं बोलणारे, कुणाला तोडून न बोलणारे. आधी विदर्भातले एक सर बोलले. आमच्या पाड्यांवर हा निकष जमणार नाही म्हणाले, आणि अध्यक्षांनी ते लिहून घेतलं, कुणी त्यांना खाल्लं नाही. मग माझी पाळी. मी 'लातूर' म्हणताच टेबलाभोवती हसू पसरलं. "अरे वा, पॅटर्नवाले! बोर्डात पहिले येणारे तुम्ही, तुम्हाला काय विचारायचं?" सगळे हसले, मीही हसले. आपल्याकडं कुणी असं म्हटलं की छाती फुगतेच. क्लासेसच्या पाट्या, बाहेरगावची पोरं, निकालाच्या दिवशीचे पेढे, ते सगळं जणू माझंच कर्तृत्व. तेवढ्यात पलीकडच्या एक बाई, अगदी काळजीच्या सुरात म्हणाल्या, "पण एकूण मराठवाड्याला हे जड जाईल ना? तिकडची परिस्थिती लक्षात घेतली तर?" त्यांच्या मनात काही वाईट नसेल. मला मात्र त्यात 'मागास' हा शब्द ऐकू आला. न उच्चारलेला, पण मला ऐकू आला. निजामाच्या काळापासून आपण मागे, म्हणून आपल्याला सूट द्या, असं मी तिथं मागायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ताठ बसले आणि म्हणाले, "लातूरला काही अडचण नाही. आमचे शिक्षक तयार आहेत." अध्यक्ष खूश झाले. विदर्भातल्या सरांकडं वळून म्हणाले, "बघा, लातूर म्हणतंय जमेल." ते सर माझ्याकडं बघत राहिले. मी पाण्याचा ग्लास उचलला.

मला झटकन उत्तर येतं ना आई, तसंच झालं ते. मी लातूरच्या क्लासच्या पहिल्या बाकावर बसून उत्तर दिलं आणि शिरूरच्या मागच्या रांगेच्या वतीनं दिलं. तुझ्या 'हो'चा मी खूप विचार केला आहे. कधी वाटतं, तूच मला हे शिकवलंस, वरच्यांपुढं मान हलवायची, दोष तुझाच आहे. मग लाज वाटते. कारण तू ज्या साहेबांना हो म्हणालीस त्यांचा हुकूम तू दाराबाहेर ठेवलास, लेकरापर्यंत पोचू दिला नाहीस. मी हो म्हणाले ते नियम ठरवायच्या टेबलावर, आणि तिथून तो सरळ लेकराच्या नावापुढच्या तांबड्या खुणेपर्यंत जातो. मध्ये लोटायला कुणाकडंच दार उरलेलं नाही. शिवाय तू भिऊन हो म्हणायचीस. मला कुणाचीच भीती नव्हती. मला नुसतं कमी दिसायचं नव्हतं.

गाडी पुण्याहून परत यायच्या आत उदगीरच्या बाईंचा फोन आला. "मॅडम, सांगितलं का?" मी म्हणाले, "सांगितलं. बघू आता काय करतात." इतकं सहज. नंतर मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला झाला. कुणीही शिक्षक लिहून कळवू शकत होता. आमच्या तालुक्यातून तोवर एकही हरकत गेली नाही, कारण सगळे एकमेकांना सांगत होते, आपल्या मॅडमनी समक्ष मांडलंय, पुन्हा कशाला लिहायचं? माझं एक खोटं त्या सगळ्यांच्या तोंडावर हात ठेवून बसलं होतं आणि मी रोज ऑफिसला जात होते, प्रशिक्षणं घेत होते, मिटिंगांत बोलत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला रात्री झोप लागत होती, हे त्याहून वाईट. सकाळी भाजी चिरताना मात्र हात थांबायचा.

आणि मग त्यांनी माझा सत्कार ठेवला. तालुक्यातल्या शिक्षकांचा आवाज राज्यापर्यंत नेल्याबद्दल. फेटा बांधला, शाल पांघरली, नारळ दिला. शाल उदगीरच्या बाईंनीच घातली. मला उत्तराचं भाषण करायला सांगितलं तेव्हा पुण्याविषयी काय बोलणार होते मी? म्हणून तुझ्याविषयी बोलले. माझी आई अशी होती, साहेबांना न भिणारी, माहूरला हसत गेलेली, तिनं मला बोलायला शिकवलं. वाक्यामागून वाक्य येत गेलं. टाळ्या वाजत होत्या आणि तेवढा वेळ मला ते सगळं खरं वाटत होतं, तू, मी, ट्रंक, माहूरचा घाट. तुला खरोखर भित्री म्हणून कुणी ओळखू नये, असंही वाटलं असेल. पण मुख्य म्हणजे मला आडोसा हवा होता, आणि मेलेल्या आईइतका चांगला आडोसा दुसरा नाही. कोण उलटतपासणी करणार?

कार्यक्रमानंतर उदगीरच्या बाई मला गाडीपर्यंत सोडायला आल्या. नारळाची पिशवी त्यांच्या हातात होती. इकडचं तिकडचं बोलत होत्या, आणि त्याच सुरात म्हणाल्या, "मॅडम, तुमी पुण्यात काय म्हणाल्या ते मला ठावं हाय." त्याच पुढं सांगत गेल्या, "विदर्भातल्या एका सरांशी आमच्या गणिताच्या ग्रुपवर वळख झाली. ते म्हणाले, तुमच्या लातूरनंच घालवलं म्हणून." मी विचारलं, कुणाकुणाला सांगितलंत? "कुणालाच न्हाई. तुमची अब्रू घालवून आमच्या लेकरांना काय भेटणार हाय?"

"मग शाल कशाला घातलीत?"

त्या जरा हसल्या. वाईट हसणं नव्हतं. "शाल अंगावर पडली की माणूस ओशाळतंय, मॅडम. वाटलं, आता तरी उठून म्हणाल, न्हाई हो, मी न्हाई सांगितलं, चला, आता मिळून लिहू. हरकतीची मुदत अजून हाय." पिशवी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "पण तुमी तुमच्या आईचं सांगितलंत. तेबी चांगलंच होतं. शनिवारी आमच्या शाळेत सगळे बसून लिहायचं ठरवू. या तुमी. बोलू नका वाटल्यास, नुसतं या." मी येते म्हणाले. गाडीत बसल्यावर शाल काढून मागच्या सीटवर टाकली, लातूर येईपर्यंत तिच्याकडं बघवलं नाही.

काल शनिवार होता. मी गेले. तुझ्या शाळेसारखीच शाळा आहे, फक्त भिंती रंगवलेल्या आणि छतावर पंखा. सगळे सतरंजीवर बसले होते, माझ्यासाठी तेवढी खुर्ची ठेवली होती. एक तरुण सर लिहून घेत होते, बाकीचे सांगत होते. तू असतीस तर तुला मजा वाटली असती. 'विनंती' लिहावं का 'मागणी' यावर चांगलं भांडण झालं. उदगीरच्या बाई म्हणाल्या, "विनंती कुणाला करायची अन् कशाला? आपण काय उसनं पीठ मागून राहिलो का?" शेवटी 'आमचे म्हणणे' असं ठरलं. मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली, कुठल्या महिन्यात मुलं जातात, कधी येतात, परत आल्यावर कुठून सुरू करावं लागतं, टप्पा धरला तर पाचवीपर्यंत कसं सगळ्यांना घेऊन जाता येईल. कुणी भीत नव्हतं. नांदेडहून भोकरला जाणाऱ्या त्या बसमधलं तुझं बोलणं तिथं जसंच्या तसं कागदावर उतरत होतं, आणि मी खुर्चीत बसून ऐकत होते. मनात म्हटलं, एवढं चांगलं बोलणारी माणसं, आणि मध्ये मी कशाला होते?

लिहून झाल्यावर एक वयस्क मुख्याध्यापक म्हणाले, "सुरुवातीला मॅडमचं नाव आलं पाहिजे. एवढं केलंय त्यांनी आपल्यासाठी. नाहीतर त्यांना वाटंल, आपला त्यांच्यावर इश्वास न्हाई." आणि त्यांनी वर एक वाक्य घालायला सांगितलं, आमचे हे म्हणणे मॅडमनी राज्याच्या बैठकीत यापूर्वीच ठामपणे मांडलेले आहे, त्याला जोडून आम्ही पुढील गोष्टी लक्षात आणून देतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. तरुण सरांनी ते वाक्य सगळ्यात वर लिहिलं आणि सहीसाठी कागद पहिल्यांदा माझ्यापुढं धरला. उदगीरच्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या नुसत्या थांबल्या होत्या.

आई, ते वाक्य कागदावर राहिलं तर काय होईल ते मला चांगलं कळतं. पुण्यात तो कागद उघडतील. पहिलीच ओळ वाचतील. मी काय म्हणाले होते ते त्या सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलंय, लिहून घेतलंय. म्हणतील, हे शिक्षक चक्क खोटं लिहितात. खाली कितीही खरं लिहिलेलं असो, कोण वाचणार? तालुक्यातल्या शिक्षकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि त्यांचं पहिलंच वाक्य खोटं, तेही माझ्यापायी. मला एवढंच करायचं होतं, पेन घेऊन ती एक ओळ खोडायची आणि म्हणायचं, हे काढा, मी असं बोलले नव्हते. खोली लहान होती. सगळी आपलीच माणसं होती. चूल पेटवून कुणीतरी चहा ठेवला होता, त्याचा वास येत होता. मी पेन घेतलं. पूर्ण कागद वाचला. आणि खाली सही केली. मग कागद हातोहात फिरला, सगळ्यांनी सह्या केल्या. बाईंनी शेवटची सही केली, घडी घातली आणि मला म्हणाल्या, "चहा घेऊन जावा, मॅडम."

उद्या सोमवारी तो पंचायत समितीतून पुढं जाईल. आजचा दिवस आहे. बाईंचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, सकाळपासून दोनदा काढून बघितला. त्याऐवजी तुला लिहीत बसले, कारण तू फोन उचलत नाहीस आणि परत विचारत नाहीस. हे कुठं पाठवायचं नाही, हेही मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. भीती वाटली म्हणून सही केली असं मला लिहायचं होतं, तुला ते समजलं असतं. पण तसं नाही. ती वरची ओळ मी वाचली ना, ठामपणे मांडलेले आहे, तेव्हा मला बरं वाटलं, आई. छान वाटलं. म्हणून मी ती दोनदा वाचली.